चवथीतला दुसरा आवाज

गोव्यातल्या आमच्या वाड्यावर बेचाळीस घरं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, त्यातल्या तेवीस घरांचा गणपती दीड दिवसाचा. बाकीच्यांचा गणपती पाच, सात, कुणाचा नऊ दिवस राहतो, त्यामुळे त्यांच्याकडे आरती उद्या-परवा झाली तरी चालतं. या तेवीस घरांचं मात्र सगळं एका रात्रीत. संध्याकाळी सहाला आरतीचा मेळ बाहेर पडतो: चार घुमटं (मातीच्या भांड्याची वाद्यं), एक शामेळ (ढोलासारखं वाद्य), कासाळी (झांजा) आणि मागून कोरस ओढणारी पंधरा-वीस पोरं. एका घरी पंधरा मिनिटं धरली तरी मध्यरात्र होते, आणि पंधरा मिनिटांत कुठलंच घर सोडत नाही. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खाल्ल्याशिवाय उठायचं नाही, वर कुणीतरी फर्माईश करतोच, ‘अमकी आरती घ्या, बाबा असताना ती व्हायची.’

घरात आम्ही कोकणी बोलतो, आरत्या मराठीत म्हणतो. घुमटाचा ठेका पडला की दोन भाषांमधली ही शिवण कुणाच्या लक्षातही येत नाही. 2019 मध्ये सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं, तेव्हा वाड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, ‘म्हणजे आता वाजवायला परवानगी लागणार?’

तर प्रश्न जुनाच. आरती आपल्याकडे कधी येणार? पूर्वी एखाद्या पोराला पिटाळत, ‘जा, बघून ये कुठवर पोचलेत.’ मग फोन आले. मेळातल्या ज्याच्या खिशात फोन, त्याचे हाल. एका हातात कासाळी, दुसऱ्या हातात वहिनींचे फोन. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्यानं ठरवलं की यासाठी टेलिग्राम या निरोपांच्या अॅपवर एक बॉट, म्हणजे आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम, करायचा. तो फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकतो. मी पर्वरीच्या एका कचेरीत वीस वर्षं सर्व्हर सांभाळतेय. ‘आत्या, तू फक्त सर्व्हरचं बघ,’ म्हणाला. तेवढंच मी नीट बघितलं नाही.

बॉटचं काम साधं. घराचं नाव टाकलं की उत्तर येणार: तुमच्या आधी चार घरं आहेत. मेळातला एक पोरगा प्रत्येक घरून निघताना ‘झालं’ हे बटण दाबणार. बस.

बॉटला निरोप कसे पोचतात ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पाव हवे असतील तर तीन रीती. दर पाच मिनिटांनी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीवर जाऊन विचारायचं, ‘झाले का?’ तो म्हणतो नाही, तुम्ही परत घरी. हे पोलिंग. दुसरी रीत, भट्टीच्या दाराशीच उभं राहायचं, घाणा बाहेर आला की तो देईल, तोवर गप्प. हे लाँग पोलिंग. तिसरी म्हणजे घरी बसायचं. पोदेर सायकलवर पोंपों करत दाराशी येतो. त्याला वेबहुक म्हणतात.

टेलिग्रामनं 2015 च्या जूनमध्ये बॉट आणले तेव्हापासून यातल्या शेवटच्या दोन रीती त्यांनी देऊ केल्या आहेत. भट्टीवर उभं राहण्याच्या हाकेचं नाव गेटअपडेट्स. प्रत्येक निरोपाला चढता क्रमांक असतो. आपण पुढच्या हाकेत ऑफसेट म्हणून शेवटच्या निरोपाच्या पुढचा क्रमांक सांगितला की टेलिग्राम समजतो, मागचं सगळं यांना पोचलं, आणि ते पुसून टाकतो. कुणी न्यायलाच आलं नाही तर निरोप चोवीस तास राहतो, त्याहून जास्त नाही. एका हाकेत जास्तीत जास्त शंभर निरोप मिळतात.

आणि भट्टीच्या दाराशी एका घराचा एकच माणूस उभा राहू शकतो. त्याच टोकनवर, म्हणजे बॉटच्या त्याच गुप्त किल्लीवर, दुसरा येऊन उभा राहिला तर आधीच्याला बाहेर काढतात. लक्षात घ्या, बाहेर जातो तो आधीचा. त्याच्या हातात चिठ्ठी: 409, कॉन्फ्लिक्ट, दुसऱ्या गेटअपडेट्समुळे तुमची हाक थांबवली आहे, बॉटची एकच प्रत चालू आहे याची खात्री करा. दुसरा कोण, कुठून आला, हे चिठ्ठीत नसतं. बाहेर काढलेला थोडा थांबून पुन्हा आत शिरतो, तेव्हा तो दुसरा बाहेर पडतो. मग तो शिरतो. दोघंही चिकाटीचे, दोघांनाही वाटतं आपणच घरचे, आणि ज्या क्षणी जो आत असेल त्याच्या पिशवीत त्या क्षणाचे पाव.

ती 409 ची ओळ मला आधी दिसली होती. चवथीच्या दोन आठवडे आधीपासून सर्व्हरच्या नोंदवहीत संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास ती यायची, तास-दीड तास येत राहायची आणि मग आपोआप बंद व्हायची. आम्ही वापरलेली लायब्ररी, म्हणजे बॉटसाठीचा तयार कोड, अशा वेळी मरत नाही, नोंद करते आणि पुन्हा प्रयत्न करते. मला वाटलं, नेटवर्क असेल. पावसाचे दिवस, आमच्याकडे संध्याकाळी वीज जाते-येते. सर्व्हर भाड्याचा, गोव्याबाहेर कुठल्यातरी वातानुकूलित खोलीत, त्याचा आमच्या विजेशी काय संबंध, हे माझ्या डोक्यात आलं नाही. वीस वर्षं हेच काम करणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नाही.

चवथीच्या दिवशी सात वाजेपर्यंत बॉट उत्तम चालला. तीन घरं झाली होती. मी माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या छताखाली, बसून फोनवर आकडे बघत होते आणि वहिनी म्हणत होती की गणपतीकडे पण बघ जरा. मग विचित्र सुरू झालं. एका घरी उत्तर आलं, तुमच्या आधी नऊ घरं, त्याच मिनिटाला दुसरं उत्तर, तुमच्याकडची आरती झाली आहे. मेळातला पोरगा ‘झालं’ दाबत होता आणि माझ्या यादीत काहीच पुढे सरकत नव्हतं. गटावर निरोपांचा पूर. शेवटी कुणीतरी जुन्या रीतीनं पोराला पिटाळलं.

खालच्या वाड्यावर एक आजी एकटी राहते. ऐकू कमी येतं. तिच्याकडे कामाला येणाऱ्या मुलीनं घरी जाण्याआधी बॉटला विचारून आजीला वाचून दाखवलं: तुमच्याकडची आरती झाली आहे. मुलगी गेली. आजीनं थोडा वेळ वाट पाहिली, मग समईत तेल घालून दार लावून घेतलं. अकरा वाजता मेळ तिच्या अंगणात आला, दार बंद पाहून एकानं हाक मारली, आणि ‘निजली असेल’ म्हणून पुढं गेला. सकाळी मी गेले तेव्हा ती माझी समजूत घालत होती. ‘अगं, मशीन म्हणालं झाली, म्हणजे झालीच असेल. मलाच ऐकू आली नसेल.’

मेळ दुपारी विसर्जनाआधी तिच्याकडे जाऊन आला. चार आरत्या जास्तच म्हटल्या. आजीनं त्यांना पुन्हा नेवऱ्या दिल्या.

दुसरा कोण, ते मला रात्रीच सापडलं होतं. वीज, नेटवर्क, लायब्ररी सगळं तपासून झाल्यावर शेवटी मी बॉटफादरकडे, म्हणजे टोकन देणाऱ्या टेलिग्रामच्याच बॉटकडे, जाऊन टोकन रद्द केलं, नवं घेतलं, फक्त सर्व्हरवर घातलं. जुन्या टोकनवर जो कोणी उभा असेल त्याला आता दारच नव्हतं. दोन मिनिटांनी भाचा आतल्या खोलीतून ओरडला, ‘आत्या, माझ्या टर्मिनलमध्ये काहीतरी लाल लाल येतंय!’

श्रावणात त्यानं बॉटची चाचणी आपल्या लॅपटॉपवर घेतली होती, त्याच टोकनवर. टर्मिनलची, म्हणजे प्रोग्राम चालवायची, खिडकी खाली सारली आणि विसरला. पोरं लॅपटॉप बंद करत नाहीत, झाकण मिटतात. मिटलं की प्रोग्राम गोठतो. मरत नाही. रोज कॉलेजमधून आल्यावर चहा पिऊन तो सव्वासातला झाकण उघडायचा. प्रोग्राम जागा व्हायचा, आपलं जुनं कनेक्शन तुटलेलं बघून नव्यानं हाक मारायचा, आणि भट्टीच्या दाराशी हाणामारी सुरू. साडेआठ-नऊला जेवायची हाक आली की झाकण बंद. शांतता. चवथीला त्यानं मामेबहिणींना फोटो दाखवायला झाकण उघडलं होतं. त्या लॅपटॉपच्या फाइलमध्ये चाचणीची यादी होती, सगळ्या घरांपुढे ‘झालं’. आजीचा प्रश्न त्या पिशवीत पडला.

खूप लोक या भांडणाकडे टेलिग्रामची कटकट म्हणून बघतात, मीही बघत होते. आता मला ती चिठ्ठी उपकार वाटते. 409 नसतं आणि दोघांना गुपचूप आळीपाळीनं निरोप मिळत राहिले असते, तर मी अजून शोधत बसले असते. चूक माझी होती, कारण ती ओळ आल्यावर प्रोग्रामनं काय करायचं हे मी लायब्ररीवर सोडलं, आणि लायब्ररी स्वभावानं चिवट. माझं मत आता स्पष्ट आहे. 409 आला की पुन्हा शिरायचा प्रयत्न करू नये. मोठ्यानं सांगावं आणि निघून जावं. जो मुकाट्यानं पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो तो दोष झाकतो.

त्यानंतर कचेरीत ज्यांना ज्यांना ही गोष्ट सांगितली, त्यांतल्या निम्म्यांनी आपली आपली सांगितली. एकानं फ्लास्कमध्ये, म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बनवायच्या साधनात, बॉट बसवला होता. डीबग (चुका शोधायची अवस्था) चालू असलं की फ्लास्कचा रीलोडर, म्हणजे कोड बदलला की प्रोग्राम पुन्हा सुरू करणारा भाग, एक जादा प्रोसेस सुरू करतो, दोन्ही पोल करत होत्या, म्हणजे घरात एकच माणूस आणि भट्टीवर त्याची सावलीसुद्धा. दुसरीनं गुनिकॉर्न या वेब-सर्व्हरला चार वर्कर, म्हणजे एकाच प्रोग्रामच्या चार प्रती, दिले होते आणि पोलिंगचा धागा (प्रोग्राममधला कामाचा एक ओघ) प्रत्येक वर्करमध्ये सुरू होत होता. तिसऱ्याकडे कुबरनेटीस, म्हणजे प्रोग्रामच्या प्रती चढवणारं-उतरवणारं साधन. तिथली नेहमीची पद्धत अशी की नवी प्रत उभी राहून कामाला लागली की मगच जुनी उतरवायची, म्हणजे सेवा खंडत नाही. वेबसाइटला हे उत्तम. एकट्यानं उभं राहायच्या कामाला नेमकं उलटं. तिथं आधी जुनी उतरवून मग नवी चढवायची पद्धत निवडावी लागते, आणि उतरताना जुनीला सिगटर्म, म्हणजे ‘आवरा’ अशी सूचना, मिळाल्यावर तिनं हातातलं काम संपवून, ऑफसेट कळवून जायला हवं.

यातल्या बऱ्याच गोष्टींना उपाय अगदी घरगुती आहे. चाचणीसाठी बॉटफादरकडून दुसरा बॉट घ्या, वेगळं टोकन. फुकट मिळतो. आमच्या अर्ध्या दुःखाला एवढंच पुरे होतं. एकाच मशीनवर चुकून दोन प्रती सुरू होऊ नयेत म्हणून फाइलवर फ्लॉकचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमनं दिलेलं, कुलूप लावा. ते बरं, कारण प्रोग्राम मेला की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कुलूप काढतो. चालू प्रोग्रामचा क्रमांक लिहिलेली नुसती पीआयडीची फाइल ठेवली तर माणूस गेल्यावरही दारावरची पाटी तशीच राहते.

वेबहुक घ्या, असंही सगळे सांगतात. खरंय, एका बॉटला वेबहुकचा एकच पत्ता असतो आणि तो लावलेला असताना गेटअपडेट्सची हाकच चालत नाही, तिथंही 409. त्या पत्त्यामागे हवे तेवढे वर्कर बसवता येतात. पण एचटीटीपीएसचा (सुरक्षित वेबचा) जाहीर पत्ता लागतो, 443, 80, 88 किंवा 8443 यांपैकी पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) लागतो, आणि आपण उत्तर द्यायला चुकलो तर टेलिग्राम तोच निरोप पुन्हा आणून देतो, म्हणजे निरोपाचा क्रमांक लिहून ठेवून दुसऱ्यांदा आलेला ओळखावा लागतोच. बेचाळीस घरांच्या आरतीसाठी मला ते जड वाटलं. शिवाय, प्रामाणिकपणे सांगायचं तर, भट्टीवर उभं राहणं मला आवडतं.

भाच्याला मात्र आता भीती बसली होती आणि त्यानं उलट्या बाजूचा हट्ट धरला. ‘चवथीलाच सर्व्हर पडला तर? एक प्रत घरी तयार पाहिजे.’ म्हणजे दोन प्रती मुद्दाम. एक दाराशी, एक मागे बसून. मला लहानपणचा देवळातला सप्ताह आठवला. चोवीस तास भजन, पथकामागून पथक, समईभोवती. वास्कोच्या दामोदराचा सप्ताह सगळ्यांना माहीत असतो, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारा. आमचा त्यापुढे एवढासा. पण खंड पडू द्यायचा नाही, हा नियम तोच. पुढचं पथक येऊन मागे बसायचं, आपली झांज मांडीवर ठेवून. चालू पथकाचा शेवटचा अभंग त्यांनाही येत असायचा, पण ते गात नसत. मग एका कडव्याला जुना गायक मान हलवायचा, पुढचा आवाज त्याच ओळीवर चढायचा, आणि जुना उतरायचा. मी आठ-नऊ वर्षांची असताना आजोबांना विचारलं होतं की ते नको म्हणाले आणि उठलेच नाहीत तर? आजोबा म्हणाले होते, ‘मग दोन अभंग एकदम ऐकू येतील. देव ऐकेल, आपल्याला कळणार नाही.’

दोन मशीनमध्ये अशी मान हलवायला काहीतरी मधे लागतं. आम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक ओळ ठेवली. दाराशी उभं राहायचा हक्क साठ सेकंदांचा. ज्याच्याकडे आहे त्यानं दर वीस सेकंदांनी वाढवून घ्यायचा. नाही वाढवला, तर दुसऱ्यानं घ्यायचा. रेडिस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ‘नसेल तरच लिही आणि अमुक वेळानं पुस’ अशी एका हाकेची सोय आहे, तीही चालली असती, पण आमची यादी पोस्टग्रेसमध्येच होती. इथं आम्ही एक बारीक चूक केली. लाँग पोलिंगची हाक पन्नास सेकंद लटकते, आणि वाढवून घ्यायचं काम त्याच धाग्यावर होतं. म्हणजे हाक लटकलेली असताना हक्क कुणी वाढवतच नव्हतं. शांत रात्री, निरोप नसताना, हक्क संपायच्या काठावर जायचा. वाढवणं वेगळ्या धाग्यावर नेलं.

आणि तरी झाकण मिटलेल्या लॅपटॉपचा प्रश्न तसाच उरतो. हक्क मिळवणं सोपं आहे हो. आपला हक्क गेलाय हे आपल्याला कळणं अवघड. गोठलेल्या प्रोग्रामच्या दृष्टीनं वेळ गेलेलीच नसते. त्यानं हक्क तपासला, ‘आहे’ असं उत्तर आलं, आणि पुढची ओळ चालवण्याआधी झाकण मिटलं. उद्या संध्याकाळी जागा होईल तेव्हा तो पुढचीच ओळ चालवणार, पूर्ण विश्वासानं. तो खोटं बोलत नाही. त्याच्यासाठी अजून कालच आहे.

म्हणून हक्काबरोबर चढता क्रमांक द्यायचा. हक्क हात बदलला की क्रमांक एकानं वाढतो. यादीत काहीही लिहिताना तो क्रमांक दाखवायचा, आणि चालू क्रमांकापेक्षा लहान क्रमांक घेऊन कुणी आला तर यादीनंच त्याला नाही म्हणायचं. म्हणजे आलेल्याच्या समजुतीवर विश्वास ठेवायचा नाही. हे आमच्या यादीपुरतं. टेलिग्रामला आमचा क्रमांक कळत नाही. जागा झालेला लॅपटॉप एक हाक मारू शकतो, एखादा निरोप उचलू शकतो. उचललेला निरोप आधी यादीत लिहायचा, ते लिहिणं मान्य झालं तरच ऑफसेट पुढे न्यायचा, आणि उत्तर त्यानंतर. लिहिणं नाकारलं तर ऑफसेट तिथंच, निरोप टेलिग्रामकडे तसाच, खऱ्या हक्कदाराला मिळणार. हा क्रम लावायला आम्हाला दोन रविवार लागले. भाचा म्हणाला की परीक्षेला हे आलं असतं तर बरं झालं असतं.

यंदाच्या चवथीला मी फोन वहिनीकडे दिला आणि स्वतः आरतीला गेले. खालच्या वाड्यावर आजीच्या घरी मेळ नऊला पोचला. बॉटनं पावणेनऊ सांगितली होती. घुमट वाजवणाऱ्या पोराचा हात भरून आला तेव्हा शेजारच्यानं ठेका न तोडता घुमटाखाली आपला हात सरकवला, आणि आजी गायकाच्या तोंडाकडे बघत ओठ हलवत होती.

रात्री घरी येऊन नोंदवही उघडली. संध्याकाळी सात वाजून सोळा मिनिटांनी एकच वेगळी ओळ होती: माझा क्रमांक 3, चालू क्रमांक 4, थांबतो. त्याखाली, गटावर, भाच्याचा त्याच मिनिटाचा निरोप.

‘आत्या, माझा गप्प बसला. तुझा चालू आहे ना?’